डावीकडचा सल्ला

आमच्या घरात सगळ्यात मोठा आवाज कशाचा, असं लहानपणी मला कुणी विचारलं असतं, तर खरं उत्तर होतं, वॉशरूमच्या दारातल्या बाबांचा. ते सांगायची मला लाज वाटली असती, ती गोष्ट वेगळी. बाबा आत जाऊन आले, की आधी नीट हात धुवायचे, मग दाराबाहेर पायपुसण्याच्या एक पाऊल पुढे ताठ उभे राहायचे आणि हिब्रूत बराखा म्हणायचे. बराखा म्हणजे आशीर्वचन. आम्हा ज्यू लोकांत जेवणाची असते, दिव्यांची असते, तशी शू-शी करून आल्यावरचीही असते. देवानं माणसाला शहाणपणानं घडवलं, त्याच्यात भोकं ठेवली, पोकळ्या ठेवल्या, आणि त्यातलं एक जरी बंद पडलं किंवा भलतंच उघडलं तरी माणूस उभा राहू शकणार नाही, असा काहीसा तिचा अर्थ. बाकीच्या घरांत लोक ती पुटपुटतात. बाबा पुटपुटणाऱ्यांतले नव्हते. त्यांनी तिला आमच्याकडच्या जुन्या कीर्तनाची चाल लावली होती आणि शेवटी एक तानही होती. मी सातवीत असताना माझी एक मैत्रीण घरी आली होती, तिनं ते ऐकून विचारलं, "इज युअर डॅड ओके?" मी म्हटलं, "ही इज प्रॅक्टिसिंग." कशाची प्रॅक्टिस, ते तिनं नशिबानं विचारलं नाही. आई स्वयंपाकघरातून म्हणायची, "झाली दवंडी. आता सगळ्या मार्कहॅमला कळलं जाऊन आले ते."

आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू. बाबा रेवदंड्याकडचे, आई ठाण्याची, आणि राहायला कॅनडात, टोरंटोला लागून असलेल्या मार्कहॅमला. मराठी मंडळात गेलं की लोक विचारायचे, "ज्यू? आणि मराठी इतकं छान कसं?" सिनेगॉगमध्ये गेलं की तिथले गोरे ज्यू विचारायचे, "इंडियन? मग ज्यू कसे?" बाबा दोघांनाही हसून तेच उत्तर द्यायचे, "आईच्या पोटातून." आईला या प्रश्नांचा संताप यायचा. मला तर दोन्हीकडे जायचाच कंटाळा होता. मी मुळात एका जागी बसणारी मुलगी नव्हे. आजही नाही, पन्नाशी उलटली तरी हे चार शब्द लिहिताना मी तीनदा उठून फ्रिज उघडून आलेय, आत काही नवीन नाही हे माहीत असून.

बाबा गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या एका कारखान्यात इन्स्पेक्टर होते. दिवसभर लोखंडी कड्या हातात घेऊन तपासायच्या आणि केसाएवढा फरक दिसला की बाजूला टाकायच्या, हे काम. पण त्यांचा खरा जीव जुन्या हिब्रूत होता. ती ते एकट्यानं, बेसमेंटमध्ये बसून शिकले होते, आणि त्यातलं जे सापडेल ते जेवताना आम्हाला वाढायचे. त्या जुन्या लोकांना म्हणे शरीर वेगळं आणि आत्मा वेगळा असं काही माहीतच नव्हतं. माणूस म्हणजे श्वास भरलेली माती, एक अख्खी वस्तू. राग म्हणजे नाक, जीव म्हणजे गळा, माया म्हणजे आतडी, आणि हृदय कशाला, तर विचार करायला. "बघ रिबू," ते मला म्हणायचे, "आपल्या मराठीतही राग नाकावरच असतो. जीव कंठाशी येतो. आतडं तुटतं. कोकणातल्या माणसाला हे कुणी शिकवावं लागत नाही. आणि तुमच्या त्या इंग्रजीत बघावं तर सगळं एका हार्टवर लादलेलं. किती काम करणार ते बिचारं?" मी म्हणायची, "बाबा, इट्स जस्ट अ पंप." ते म्हणायचे, "पंप तर पंप, मराठीत बोल."

फक्त एका अवयवाला त्यांना मराठीत जोडीदार सापडत नव्हता. गुर्दा, म्हणजे किडनी. जुन्या हिब्रूत गुर्द्यांना फार मान. बळी दिला की गुर्दे आणि त्यांच्याभोवतीची चरबी देवाच्या वाट्याची, माणसानं तिला शिवायचं नाही. कारण माणसाचं आतलं मन तिथे, कमरेच्या मागे, कुणाला दिसणार नाही अशा जागी. देव माणूस तपासतो तो तिथेच तपासतो. हे सांगताना बाबांचे डोळे चमकायचे, कारण हे त्यांच्या धंद्यातलं होतं. "मी कड्या तपासतो, तो गुर्दे तपासतो. दोघांचं डिपार्टमेंट एकच." नंतरच्या ज्ञात्यांनी त्यात आणखी भर घातली होती. दोन गुर्दे माणसाला सल्ला देतात. उजवा चांगला, डावा वाईट. आई हे ऐकून म्हणाली होती, "तुमचे दोन्ही झोपलेत. नाहीतर इतक्या थंडीच्या देशात आला नसतात." आम्ही हसलो होतो. हसायचीच गोष्ट होती तेव्हा.

आणि मग त्याच गुर्द्यांनी दगा दिला. कसा, कधीपासून, हे मी सांगत बसत नाही. रक्तदाब, साखर, कंटाळा, डॉक्टरकडे न जाणं, जे सगळ्यांच्या घरी होतं तेच. मी शाळा संपवून ग्वेल्फला युनिव्हर्सिटीत जाणार होते, ॲडमिशन झाली होती. ती एक वर्ष पुढे ढकलली, कारण आईला गाडी येत नव्हती आणि बाबांना दिवसाआड डायलिसिसला न्यावं लागायचं. लघवी कमी होत होत थांबली. त्या दिवसापासून बाबांनी बराखा म्हणणं सोडलं. शरीराचं दुसरं काम तर चालूच होतं, त्यासाठी ती म्हणता आली असती. सिनेगॉगच्या रब्बींनीही तसं सांगितलं. पण बाबा अडून बसले. "त्यातलं एक बंद पडलं तर माणूस उभा राहू शकत नाही, असं म्हणायचं, आणि बंद पडलेलं असताना तिथे उभं राहून म्हणायचं? मी नापास झालेल्या कडीवर ओके शिक्का मारत नाही." झालं. दार उघडायचं, बंद व्हायचं, पावलं वाजायची, आणि पुढे काहीच नाही. इतकी वर्षं ज्या आवाजाची मला लाज वाटत होती, तो नाही म्हटल्यावर घरात मला बसवेना. मी टीव्ही मोठा लावायची.

पण आवाज गेला म्हणून घर शांत झालं नव्हतं. उलट सगळं घर चालायला लागलं होतं. त्या आजारात पायांना म्हणे चैन पडत नाही. दिवेलागणीला बाबांचे पाय शिवशिवायला लागायचे आणि ते बेसमेंटमध्ये फेऱ्या मारायचे, फर्नेसपासून वॉशिंग मशीनपर्यंत, मशीनपासून फर्नेसपर्यंत. वर आई भांडी या कपाटातून त्या कपाटात लावायची. आणि मी बाहेर बर्फ नसलं तरी ड्राइववे शोव्हल करायला जायची. बाबांच्या डाव्या हातात डॉक्टरांनी शीर जोडून दिली होती, तिच्यावर कान ठेवला की घूं घूं असा आवाज यायचा. मशीनला लावल्यावर त्याच हातातून रक्त नळीत जायचं आणि चक्कर मारून परत यायचं. बाबा ती नळी बघत बसायचे. "जीव रक्तात असतो," ते एकदा म्हणाले. "म्हणून तर आपण मांसातलं रक्त मिठानं काढून टाकतो. आता हा जीव असा बाहेर फिरायला जातो आणि परत येतो. येताना सगळाच्या सगळा येत असेल का गं?" मी म्हटलं, "बाबा, डोन्ट." मला त्या वयात दुसरं काही सुचलं नाही.

जेवणाचे हाल तर विचारू नका. आईचा सगळा स्वयंपाक नारळावर उभा. सुरमईचं आमटीसारखं कालवण नारळाच्या दुधात, भाजीत ओलं खोबरं, सणाला नारळाच्या दुधाचा हलवा. आणि डाएटिशियननं नारळ बंद केला. केळं बंद, खजूर बंद, बटाटा भिजवून पाणी टाकल्याशिवाय नाही, पाणी तर मोजून घोटभर. आई त्या बाईला म्हणाली, "देन व्हॉट इज लेफ्ट? राइस?" बाई म्हणाली, "व्हाइट राइस इज गुड." आईनं घरी येऊन किसणी कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवून दिली. आमच्याकडे काही चांगलं व्हावं म्हणून एलियाहू हन्नाबी या प्रेषिताला मलिदा बोलतात, म्हणजे भिजवलेले पोहे, गूळ, ओलं खोबरं, वेलची, आणि भोवती फळं. आईनं मलिदा बोलला, आणि मग तिच्या लक्षात आलं, की पोहे सोडले तर त्यातला एकही जिन्नस बाबांना चालत नव्हता. "एलियाहूला म्हटलं," ती मला म्हणाली, "आधी याला बरा कर, मग तूही खा आणि हाही खाईल. उपाशी माणसासमोर मी ताट लावणार नाही." देवाच्या माणसालाही दम भरणारी बाई!

याच बाईनं एक दिवस कुणाला न सांगता जाऊन, बाबांना आपली किडनी देता येईल का याची तपासणी करून घेतली. रक्तगट जुळला, पुढचं सगळं जुळलं. मी देणार म्हणून मागे लागले होते, पण तिनं मला एका वाक्यात गप्प केलं, "तुला पुढे पोरं व्हायचीत, माझं होऊन गेलंय." बाबांना सांगितलं तेव्हा ते बराच वेळ नाक शिंकरत बसले. मग म्हणाले, "रूबी, तू दिलीस तर घेईन. दुसऱ्या कुणाची घेतली नसती." तिचं नाव घेऊन ते फार क्वचित बोलायचे. घरात पहिल्यांदा किसणी खाली आली. मी ग्वेल्फला फोन करून हॉस्टेलची चौकशी केली. सगळं मार्गी लागलं असं वाटलं.

मग सर्जननं बोलावलं. टोरंटो डाउनटाउनचं मोठं हॉस्पिटल, छोटीशी खोली, भिंतीवर शरीराचं चित्र. सर्जन तरुण होता, भरभर बोलायचा. त्यानं चित्रावर पेन टेकवून सांगितलं, आईची डावी किडनी काढू, बहुतेक वेळा डावीच काढतात, तिची शीर लांब असते, जोडायला सोपं जातं. बाबांच्या जुन्या दोन्ही आहेत तिथेच राहतील, नवी पुढे, पोटात खाली, उजव्या बाजूला बसवू. काही प्रश्न?

बाबा म्हणाले, "व्हाय नॉट द राइट वन?"

सर्जननं पुन्हा शिरेचं सांगितलं. बाबा मान हलवत राहिले. मग उठले, कोट घातला, टोपी घातली, आणि म्हणाले, "देन नो. थँक यू, डॉक्टर." आणि चालायला लागले. आम्ही मागून धावलो. सर्जनला वाटलं असेल, म्हातारा घाबरला. त्याला बिचाऱ्याला कसं कळावं, की त्यानं आत्ता या माणसाच्या बायकोतला वाईट सल्ला देणारा गुर्दा काढून त्याच्यात घालायचं ठरवलं होतं!

मी गाडी चालवत होते, बाबा शेजारी, आई मागे. दुपारचीच वेळ होती, पण बर्फ भुरभुरत होतं आणि डीव्हीपी हायवेवर सगळ्या गाड्या जागच्या जागी उभ्या होत्या. कुणाला उठून दुसऱ्या खोलीत जाता येईना. आमच्या घरातल्या कुणासाठीही ही फार मोठी शिक्षा. वायपर काचेवर घासत होते. बाबा खिडकीबाहेर बघून म्हणाले, "उजवी देत असतील तर घेईन. डावी नको."

"डावी-उजवी काय लावलंय?" आई म्हणाली. "मंडईत आलात का, कोथिंबिरीची जुडी निवडून घ्यायला?"

"थट्टा नको. माझ्या दोन तिथेच राहणार, त्यातली एक वाईट. वर तुझी वाईट. म्हणजे तीनात दोन. उद्या मी वर उभा राहीन, आणि तो तिथेच हात घालून तपासणार. काय सांगू त्याला? ही माझी नव्हे, बायकोची?"

"सांगा की! माझंच नाव सांगा. मी येते मागून उत्तर द्यायला."

"रब्बी म्हणाले, जीव वाचवायला सगळं चालतं," मी मध्ये तोंड घातलं.

"रब्बींना कायदा माहीत आहे," बाबा म्हणाले. "माझ्या आत काय चालतं ते मला माहीत आहे. आजारी पडल्यापासून माझ्या डोक्यात काय काय येतं, ते मी तुम्हाला सांगत नाही. त्यात आणखी भर नको. मी असाच बरा आहे."

असाच बरा म्हणजे काय, हे आम्हा तिघांना माहीत होतं. नेफ्रॉलॉजिस्टनं आईला बाजूला घेऊन सांगितलं होतं, की यांचं हृदय या डायलिसिसवर फार दिवस काढणार नाही. तिनं ते मला सांगितलं होतं, आणि बाबांनी तिच्या तोंडावरून ओळखलं होतं. मी आरशात बघितलं. आई पर्स मांडीवर घट्ट धरून बसली होती. पुढची गाडी हातभर सरकली, मीही सरकवली.

"बरं," आई म्हणाली. "तुमची शास्त्रं खरी धरू. डावी वाईट सांगते. मग ती मला काय सांगते, ते ऐकून घ्या. वर्ष होत आलं, सांगतेय. तुम्हाला मशीनला लावलं, की मी खालच्या कॉफीच्या दुकानात बसते ना, तिथे सांगते. रूबी, ऊठ. बाहेरून एअरपोर्टची बस जाते. पासपोर्ट पर्समध्ये आहे. ठाण्याला भाऊ आहे, तो नाही म्हणायचा नाही. हा माणूस तुझ्याच्यानं बरा व्हायचा नाही, पोर मोठी झालीय, तू निघून जा. रोज सांगते. आणि खोटं कशाला बोलू, एकदा मी उठलेसुद्धा. बसमध्ये चढले. स्टॉप गेला एक. मग बघते तर तुमचा भाताचा डबा माझ्याच हातात. तुम्ही सुटलात की खाणार काय? म्हणून उतरले, आणि चालत परत आले."

बाबांनी मान वळवली नाही. वायपर घासतच होते. आईचा आवाज आता चढला. "काढू दे ना त्यांना ती! मला नकोय ती आत. मला झोप लागत नाही तिच्यापायी. तुमच्यात गेली तर तुम्हाला काय सांगणार ती? निघून जा म्हणून? जा की! हॉस्पिटलच्या दारापासून गाडीपर्यंत येताना दोनदा थांबता तुम्ही, कुठे जाणार आहात? मेली बोलून बोलून दमेल. तुम्हाला भीती वाटते तिची, आणि मी तिला घेऊन रोज तुमच्यासाठी भात लावते, त्याचं काय?"

आईला असं बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं, आणि मला तिचा राग यायला हवा होता. राग नाही आला. बरं वाटलं, फार बरं वाटलं. कारण ते निघून जा, निघून जा मलाही ऐकू येत होतं, जेवताना, अंघोळ करताना, त्या बिनबर्फाच्या ड्राइववेवर फावडं घासताना, आणि मला वाटत होतं, की या घरात ते एकटी मीच ऐकते. मला मोठ्यानं रडावंसं वाटत होतं, पण मागचा ड्रायव्हर हॉर्न वाजवायला लागला होता.

गाड्या सुटल्या, स्टील्सचं एक्झिट आलं. बाबा घसा साफ करून म्हणाले, "डॉक्टर म्हणाला, ती माझ्या उजव्या बाजूला बसवणार."

"मग?" आई म्हणाली.

"मग काही नाही. उजवीकडे बसून काय सांगते ते बघू."

घरी येऊन मी गाडी बंद केली, तरी ते उतरेनात. सीटबेल्ट हातात धरून, पुढे बघत त्यांनी विचारलं, "कुठल्या स्टॉपला उतरलीस?"

"ते कशाला हवंय आता?"

"असंच."

आईनं स्टॉपचं नाव सांगितलं. मग ते उतरले.

ऑपरेशनबद्दल मला फारसं सांगता येणार नाही, मी तेव्हा फक्त कॉरिडॉरमधून चालत होते. गंमत अशी, की देणाऱ्याला घेणाऱ्यापेक्षा जास्त दुखतं. बाबा दुसऱ्या दिवशी गुलाबी झाले आणि आई पांढरीफटक. तिला उठवेना, हसवेना, खोकवेना. नर्स म्हणायच्या, चाला, चाललंच पाहिजे. म्हणून मी तिला सलाइनच्या खांबासकट, गाउनची मागची बाजू धरून, कॉरिडॉरमधून हळूहळू न्यायची. बाबांची लघवीची नळी काढली त्या सकाळी आम्ही दोघी अशाच त्यांच्या खोलीजवळ पोचलो होतो. आत वॉशरूमचं दार वाजलं. नळ सुरू झाला, बराच वेळ चालला, बंद झाला. आणि मग आवाज आला. आधी घोगरा, मध्येच फाटलेला, मग तीच कीर्तनाची चाल. भोकं ठेवली, पोकळ्या ठेवल्या. नर्सिंग स्टेशनवरची एक मुलगी घाबरून उठली आणि मला म्हणाली, "इज ही ओके?" त्या दिवशी मी प्रॅक्टिस वगैरे म्हटलं नाही. मी म्हटलं, "येस. दॅट्स माय फादर." आई भिंतीला हात लावून उभी होती, दुसरा हात टाक्यांवर. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि टाके दुखतात म्हणून तिला नीट रडताही येत नव्हतं. शेवटच्या तानेला ती म्हणाली, "सूर बघ कुठे गेलाय. आणि सांग त्यांना, तुमचं नाही ते. माझी करतेय."

घरी आल्यावर मलिदा झाला. आईनं खाली बसता येत नव्हतं म्हणून उभ्यानं खोबरं किसलं. बाबांनी एक अख्खं केळं सोललं, आणि खायच्या आधी नुसतंच हातात धरून बघत बसले. मग चार खजूर खाल्ले. मी ग्वेल्फला गेले, तिथे मातीचा अभ्यास केला, तिथेच नोकरी लागली, लग्न झालं, मोडलं, पुन्हा मार्कहॅमला आले. हे सगळं वेगळ्या प्रकरणाचं आहे.

पण त्या डावीनं उजवीकडे बसून काय सांगितलं, ते सांगायला हवं. बाबांच्या पायांची शिवशिव थांबली, आणि त्यांना फिरायचं वेड लागलं! जो माणूस कारखाना, सिनेगॉग आणि बेसमेंट सोडून कुठे जात नव्हता, तो सकाळी उठून बूट घालून दारात उभा राहायला लागला. "रूबी, चल, कुठेतरी जाऊ." पहिल्यांदा कुठे गेले, माहीत आहे? त्या एअरपोर्टच्या बसनं, आईच्या स्टॉपपर्यंत. तिथे उतरून दोघं चालत हॉस्पिटलपर्यंत आले, कॉफी प्यायले आणि घरी परतले. मग मला भेटायला ग्वेल्फला, न सांगता, डब्यासकट. मग एकदा माझ्या गाडीतून, मला चालवायला लावून, माझ्या दुसऱ्या मामाकडे, पार देशाच्या पश्चिम टोकाच्या सरे गावापर्यंत, प्रेअरीतून, डोंगरांतून. सबंध वाटेत आई मागच्या सीटवर कुरकुरत होती, "मला घरी बसू द्या, मला कुठे जायचं नाही." बाबा पोटाच्या उजव्या बाजूवर हात ठेवून म्हणायचे, "मी काय करू? तुझीच सांगते." आणि आई खरंच बदलली होती. पर्समधला पासपोर्ट तिनं कपाटात टाकला, नंतर त्याची मुदत संपली तरी तिला कळलं नाही. मी आता शास्त्राची माणूस आहे, माती तपासते, गुर्द्यांत सल्ला असतो असं मानत नाही. पण जे बघितलं ते लिहितेय.

ती किडनी बाबांना पुरली, त्यांचं हृदयच आधी दमलं. आमच्यात माणसाला काही न काढता, न ठेवता, अख्खा मातीत देतात. रक्ताचा थेंब पडला असेल तर तोही पुसून सोबत ठेवतात, कारण उठायचं तेव्हा सगळं जागेवर हवं. अंत्यविधी करणाऱ्या मंडळींपैकी एकानं अदबीनं विचारलं, यांच्या शरीरात बाहेरचं काही आहे का, पेसमेकर वगैरे. मी आईकडे बघितलं. ती म्हणाली, "बाहेरचं काही नाही."

आई आता ऐंशीच्या पुढे आहे, माझ्याकडेच असते. मावशी इस्राएलला अश्दोदमध्ये राहते आणि दर शुक्रवारी फोन करून तिच्या मागे लागते, की ये इकडे, तुझं तिथे आता कोण आहे, इथली माती मिळायला पुण्य लागतं, इथे जो पुरला जातो तो सगळ्यात आधी उठतो. रिबू तिकीट काढून देईल. मी खरंच काढून देईन, तसं मी आईला सांगितलंही आहे. गेल्या शुक्रवारी हाच विषय चालू होता. मी दिव्यांची तयारी करत इकडून तिकडे फिरत होते आणि फोन स्पीकरवर होता. आईनं सगळं ऐकून घेतलं. मग कमरेच्या डाव्या बाजूला, जिथे तो जुना व्रण आहे, तिथे हात ठेवून म्हणाली, "अगं लिली, माझी डावी बाजू इथे निजलीय त्यांच्याजवळ. ते उठतील तेव्हा ती त्यांना सांगेल निघून जा, आणि ते लगेच बूट घालून चालायला लागतील. मी जवळ नको का थांबवायला?"